पवित्र गुरुवारच्या बारा खुर्च्या : सीमाभागातील मराठी मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर भागातील मराठी मंडळ्यांचे पाळक, धर्मग्रामांचे फादर, पास्टोरेट कमिट्या, पॅरिश कौन्सिल आणि महिला मंडळे यांस,

प्रभू येशूच्या नावे सर्वांना सलाम.

लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, जवळ आला की कमिटीच्या बैठकीत पवित्र गुरुवारचा, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीसाठी बारा जणांचे पाय धुण्याच्या विधीचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न येतो, यंदा बारा जण कोण? मग नावे पडू लागतात. छताच्या पत्र्यांना हातभार लावलेले देणगीदार, संडेस्कूलचे सुपरिंटेंडेंट, नुकतेच निवडून आलेले खजिनदार, गेल्या वर्षी राहून गेलेले एखादे ज्येष्ठ सभासद. कोणाचे नाव सुटले तर रुसवा ठरलेला, म्हणून पुढच्या वर्षीसाठी ते आधीच टिपून ठेवतात. बारा जण घरून पाय स्वच्छ धुऊन येतात, उजवा पाय तेवढा पुढे करतात, त्यावर चमचाभर पाणी पडते, टॉवेल फिरतो आणि विधी आटोपतो.

आमच्या मागण्या दोन आहेत, त्या शेवटासाठी राखून ठेवत नाही. पहिली, या खुर्च्यांवर ज्यांच्या पायांना खरोखर हात लागण्याची गरज आहे ते लोक बसावेत. ते जमत नसेल तर खुर्च्या मांडूच नयेत. दुसरी, प्रत्येक मंडळीने मधुमेही, बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्ण आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पायांची निगा राखणारी सेवा वर्षभर चालवावी. ती कशी चालवायची, कुठे चुकते आणि कोणाला इजा होऊ शकते, हे पुढे सविस्तर लिहीत आहोत, कारण चांगल्या मनाने पण अडाणीपणे धुतलेल्या पायाला जखम होऊ शकते.

आधी यादीबद्दल. आपल्याकडे पाय धुतले जातात ते मोठ्याचे. लग्नात जावयाचे, दारी आलेल्या पाहुण्याचे, गुरूचे. ज्याचे पाय धुतले तो वरचा, हे ख्रिस्ती घरांतल्याही डोळ्यांत लहानपणापासून बसलेले आहे. त्यामुळे वेदीपुढे बारा खुर्च्या मांडल्या की बघणाऱ्याला तो सत्कारच वाटतो आणि बसणाऱ्यालाही. ही समजूत उपदेशाने जात नाही, खुर्चीवर कोण बसले आहे ते बदलल्यानेच जाते. धुणीभांडी करणारी बाई, चर्चची झाडलोट करणारा माणूस, डायलिसिसवर असलेला तरुण तिथे बसला की मंडळीला काही समजावून सांगावे लागत नाही.

योहानाच्या 13व्या अध्यायात येशू अंगावरची वस्त्रे काढून ठेवतो, रुमाल स्वतः कमरेला बांधतो, गंगाळात पाणी स्वतः ओततो, पाय धुतो आणि त्याच रुमालाने पुसतो. सगळी कामे एकट्याची. आपल्याकडे एक मुलगा पाणी ओततो, दुसरा गंगाळ धरतो, तिसरा टॉवेल पुढे करतो, चौथा माइक सांभाळतो. पाळकसाहेबांच्या वाट्याला फक्त हात लावणे उरते. त्याच जेवणाच्या वेळी शिष्यांत ‘आपल्यात मोठा कोण’ यावरून वाद झाल्याचे लूक 22व्या अध्यायात सांगतो. आणि त्या बारांत येशूला धरून देणारा यहूदा होता. तो बाहेर पडतो 30व्या वचनात, म्हणजे पाय धुऊन झाल्यावर. लायकी बघून यादी केली असती तर यहूदा सुटलाच असता, येशूला नाकारणाऱ्या पेत्राचेही नाव वादातच राहिले असते.

नियमांची अडचण पुढे केली जाते, म्हणून तेही स्पष्ट करतो. रोमन कॅथलिक मंडळीत हा विधी गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, आला तो पोप बारावे पायस यांनी 1955 मध्ये केलेल्या सुधारणेने. तेव्हा बारा पुरुष असा नियम होता. 1970 च्या मिस्साविधीत बाराचा आकडा राहिला नाही. जानेवारी 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने पुरुषांची अटही गेली. निवडलेल्यांत स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, धडधाकट आणि आजारी असे सगळे असावेत, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याआधीच 2013 मध्ये त्यांनी रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात बारा कैद्यांचे पाय धुतले होते. त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. विधी करायचाच अशी सक्ती मिस्सातही नाही. मेथडिस्ट आणि इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर तर कोणतेच बंधन नाही. तेव्हा ‘वरून परवानगी लागेल’ हे कारण चालणार नाही. सहा माणसे बसवा, चार बसवा.

आता वर्षभराच्या कामाकडे येऊ, कारण पत्राचा खरा जीव तिथे आहे.

आपल्या भागात असे पाय शोधायला लांब जावे लागत नाही. खानापूरकडे जुलै-ऑगस्टात भात लावणीत दिवसदिवस चिखलात उभे राहून बोटांमध्ये चिखल्या होतात. चिक्कोडी, अथणीकडे ऊसतोडीनंतरच्या खोडक्यांवर अनवाणी चालून तळव्यांना चिरा पडतात, काटे मोडतात. शहरात प्रत्येक गल्लीत दहा-पंधरा वर्षे मधुमेह असलेली माणसे आहेत. आणि कुष्ठरोगाची गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून बरे झालेले, पण ज्यांच्या तळव्यांची जाणीव परत आली नाही, असे लोक आपल्या मंडळ्यांतही आहेत. औषधाने जंतू मरतात, मेलेली नस जिवंत होत नाही. अशा माणसाला खिळा रुतलेला कळत नाही, चपलेत अडकलेला खडा कळत नाही, आणि दुखत नाही म्हणून तो त्या पायावर चालतच राहतो. पाय जातो तो रोगाने नाही, या चालण्याने.

पहिली मोठी चूक इथेच होते. मधुमेह्याचा पाय आणि कुष्ठरोगाने बधिर झालेला पाय दिसायला सारखे, पण धुण्याची रीत उलटी. मधुमेह्याचे पाय पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत. भिजून मऊ झालेली कातडी बोटांच्या फटीत फाटते आणि तिथून पू धरतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला मात्र घाम येत नाही, कातडी लाकडासारखी कोरडी होऊन भेगाळते. तिला भिजवणे हाच उपचार. दोघांना एकाच टबात बसवणारी सेवा, कितीही प्रार्थनापूर्वक केली तरी, धोक्याची आहे. म्हणून पाण्याला हात लावण्याआधी विचारा: साखर आहे का, किती वर्षे, पूर्वी चट्ट्यांचे, म्हणजे कुष्ठरोगाचे, औषध घेतले होते का, पायाला मुंग्या येतात का. दोन्ही असतील तर भिजवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

जाणीव तपासायला साधे बॉलपेन पुरते. माणसाला आधी हातावर टेकवून दाखवा, मग डोळे मिटायला सांगा. पेनचे टोक न दाबता, कातडीवर जेमतेम खळगा पडेल इतकेच टेकवा: अंगठ्याचे टोक, अंगठ्याखालचा चवडा, करंगळीखालचा चवडा, टाच. जिथे टेकवले तिथे त्याने बोट ठेवायचे. एक जागा जरी हुकली तरी तो पाय बधिर समजून वागायचे आणि वहीत तसे लिहायचे. मधुमेह्यांसाठी 10 ग्रॅमच्या नायलॉन तंतूने होणारी पक्की तपासणी डॉक्टरांकडून वर्षातून एकदा करून घ्यावी.

मधुमेह्याचे पाय धुताना पाणी कोमट, आणि ते सेविकेने आपल्या कोपराने बघायचे. रुग्णाला ‘गरम आहे का?’ विचारून उपयोग नाही, त्याचा पाय त्याला खोटे सांगतो. तांब्याने पाणी ओतत, सौम्य साबणाचा फेस हातावर करून, दोन-तीन मिनिटांत धुणे संपवावे. दोन पायांना दोन-तीन लिटर पाणी पुष्कळ. खरा वेळ पुसण्याला द्या. प्रत्येक दोन बोटांमध्ये मऊ सुती फडके घालून ओल टिपायची, घासायची नाही. मग व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल पायाच्या वर आणि तळव्याला. बोटांच्या फटीत अजिबात नाही. फटीत पांढरी, भिजलेली कातडी आणि वास असेल तर त्या चिखल्या आहेत, त्यावर तेल चोळले की वाढतात. हळद-तेलाचा लेप देण्याचा मोह आवरावा, त्याखाली जखमेचा रंग दिसत नाही.

कुष्ठरोगाने बधिर झालेला पाय साध्या, गार पाण्यात घोट्यापर्यंत बुडेल असा ठेवावा, वीस ते तीस मिनिटे. टबाला पाच-सहा लिटर पाणी लागते. पाण्यात मीठ, डेटॉल, लिंबू काहीही घालायचे नाही. भिजल्यावर जाड झालेली कातडी आणि भेगांच्या कडा गुळगुळीत दगडाने हलके घासायच्या. घरातली पितळी वजरी इथे चालत नाही, ब्लेड तर नाहीच. बधिर पायावर किती खोल गेले ते ना त्याला कळते ना तुम्हाला. जादा पाणी निथळले की कातडी ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावायचे, म्हणजे ओल आत राहते. हे रोजचे काम आहे. मंडळीची जोडी पंधरा दिवसांनी आली तर तिने धुऊन निघून जाऊ नये. घरच्या माणसाला, शक्यतो त्या रुग्णालाच, शिकवून यावे. पुढच्या वेळी त्याने करून दाखवायचे, तुम्ही बघायचे. शिकवताना आपले महत्त्व कमी होते, हे अनेकांना झेपत नाही. सेवा मात्र तेव्हाच टिकते. भिजवण्याआधी उघडी जखम दिसली तर तो टब बाजूला ठेवावा आणि नर्सला दाखवावे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायांत टाचा आधी बघा. गादीला टेकून टाच लाल होते, मग काळी पडते. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली गेली नाही तर ती जखमेची सुरुवात आहे. पोटरीखाली, टाच अधांतरी राहील अशी, उशी किंवा घडी केलेली चादर द्या. टाचेखाली कापसाचे कडे देण्याची जुनी सवय सोडा, कड्याच्या काठाने रक्त अडते. लाल जागेवर चोळायचेही नाही.

नखे सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. जाड, वाकलेली, मांसात शिरलेली नखे आणि कुरूप हे आपले काम नाही, ते दवाखान्यात. बाजारात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्यांत आम्ल असते, बधिर पायावर ती भोक पाडते. एका घरी वापरलेला नेलकटर दुसऱ्या घरी नेण्याआधी साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा, नाहीतर प्रत्येक घराला त्याचा स्वतःचा द्या. टबात पू किंवा रक्त लागले तर ब्लीचिंग पावडरचे पाणी, एक लिटरला साधारण 15 ग्रॅम, दहा मिनिटे त्यात ठेवायचे आणि मग साध्या पाण्याने खळबळून काढायचे.

हातमोजांबद्दल दर वेळी वाद होतो. काहींना वाटते, मोजे घातले म्हणजे प्रेम कमी पडले. कातडी अखंड असेल तर मोजे नकोत, साबणाने धुतलेला उघडा हातच चांगला, त्याने गरम जागाही कळते. जखम, पू, रक्त असेल तर मोजे घालायचेच, तुमच्यासाठी नाही तर पुढच्या घरच्या आजीसाठी. कुष्ठरोगाचे उपचार पूर्ण झालेल्या माणसाचे पाय धुऊन कोणाला रोग होत नाही, हे मंडळीत पुलपिटावरून एकदा स्पष्ट सांगावे.

दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखान्यात न्यायचे ते केव्हा? पाय सुजला आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागला, बोट काळे-निळे पडले, जखमेला वास आला, लाली वर सरकू लागली, किंवा पायाच्या जखमेबरोबर ताप आला. दुखत नाही म्हणून थांबू नये. मधुमेह्यात न दुखणारी जखम जास्त वाईट. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नाहीतर बेळगावच्या बिम्स जिल्हा रुग्णालयात न्यावे. निपाणी-चिक्कोडीकडच्यांना मिरज जवळ पडते. ‘प्रार्थना करू, सकाळी बघू’ असे ज्या घरात ऐकू येईल तिथे जोडीतल्या एकीने प्रार्थना करावी आणि दुसरीने रिक्षा बोलवावी.

चपलांबद्दल थोडे अप्रिय. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे आहेत. अथणी, निपाणीच्या कारागिरांचा आपल्याला अभिमान आहे. पण बधिर पायासाठी ती चप्पल चुकीची: तळ कडक, अंगठ्याची पकड घासणारी, आणि मागे पट्टा नाही म्हणून पाय बोटांनी चप्पल धरून ठेवतो. अशा पायाला मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा आतला तळ, न झिजणारा टणक बाहेरचा तळ, रुंद पुढा, वेल्क्रोचे पट्टे आणि टाचेमागे पट्टा लागतो. खिळा एकही नको, सगळे शिवलेले किंवा चिकटवलेले. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना अशी एमसीआर चप्पल सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते, आशाताईंकडे नाव द्यावे. रुग्ण ती घालत नाही अशी तक्रार येते, कारण ती काळी चप्पल बघून गाव ओळखते. उपाय कारागिराकडे आहे: तोच मऊ तळ, वरून तपकिरी किंवा चामड्यासारखा पट्टा. मंडळीने वर्षातून अशा दहा जोड्या करून घेतल्या तर अथणीच्या माणसालाही काम मिळेल. घालण्याआधी चपलेत हात फिरवून बघण्याची सवय लावा, खडा, काटा, कधी विंचूही निघतो.

आता बसायचे कसे, बोलायचे कसे. रुग्ण खुर्चीवर किंवा खाटेवर, धुणारा पाटावर. उभ्याने वाकून धुणे हे कंबरेलाही वाईट आणि समोरच्याच्या डोक्यावर उभे राहण्यासारखे. आधी विचारा, ‘आजी, पाय बघू का?’ आणि नाही म्हणाल्या तर बसून चार गोष्टी बोला, चहा घ्या, निघा. बाईंकडे बायकांची जोडी, पुरुषाकडे पुरुषांची. जुनी माणसे, त्यातही ज्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर दिवस काढले ती, पाळकसाहेबांनी पायाला हात लावला की संकोचून पाय ओढून घेतात. त्यांना ‘लाजू नका’ म्हणू नये. पहिल्या भेटीत शेजारच्याच कोणीतरी धुवावे, पाळकांनी कापलेली नखे गोळा करावी, टब रिकामा करावा. संकोच दोन-तीन भेटींत आपोआप मोडतो.

‘माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस’ हा येशूला दिलेला पेत्राचा नकार वेगळा होता आणि तो आपल्या पंचांमध्ये जास्त सापडतो. धुवायला सगळे तयार, धुऊन घ्यायला कोणी नाही. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक सेवकाने आपले दोन्ही पाय, घरून न धुता, जोडीदाराकडून धुऊन घ्यावेत, टाचांच्या भेगांसकट. ज्याला ते जमत नाही त्याला त्या वर्षी घरोघर पाठवू नये. दुसऱ्याच्या हाती पाय देताना काय वाटते हे ज्याला माहीत नाही तो रुग्णाशी हमखास वरून बोलतो.

फोटो काढायचे नाहीत. जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा असेल तर विचारून, चेहरा न घेता, आणि नंतर पुसून टाकायचा. बॅनर, टोप्या, एकसारखे टी-शर्ट नकोत. बिगरख्रिस्ती घरी पत्रके आणि शुभवर्तमान नेऊ नका. पाय पाण्यात असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, अशा माणसाला काही ऐकवणे ही सेवा नव्हे. त्याने विचारले तर सांगा, प्रार्थना मागितली तर करा.

पेटीत काय हवे: सौम्य साबण, दोन घड्या सुती फडकी, प्रत्येक रुग्णाला वेगळा टॉवेल, नेलकटर, टॉर्च, तळवा दाखवायला छोटा आरसा, हातमोजे, निर्जंतुक गॉज, स्पिरिट, व्हॅसलीन, बॉलपेन आणि वही. टब आणि तांब्या रुग्णाच्याच घरचे. मंडळीच्या वर्धापनदिनी चार-पाच शाल-श्रीफळांचे सत्कार कमी केले की अशी पेटी सहज होते. एका जोडीने सकाळी पाच-सहा घरांपेक्षा जास्त घेऊ नये. नीट केले तर एका माणसाला वीस मिनिटे लागतात, भिजवण्याचे असेल तर पाऊण तास. दहा घरे घेणारी जोडी तिसऱ्या महिन्यात थकून बसते, असा सगळीकडचा अनुभव आहे.

पाळी लावताना कोणालाही सूट नको, पाळकांना, सेक्रेटरींना, गायन मंडळालाही. संत बेनेडिक्टच्या मठांत सहाव्या शतकापासून स्वयंपाकघराची पाळी आठवड्याने बदलत असे. शनिवारी पाळी संपणारा आणि नवी घेणारा दोघे मिळून सर्वांचे पाय धूत, टॉवेल धुऊन ठेवत, आणि भांडी मोजून, स्वच्छ करून भांडारीच्या हवाली करत. त्यातली भांडी मोजण्याची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आपल्याकडच्या सेवा भावनेच्या कमतरतेने बंद पडत नाहीत. साबण संपला, कोणी आणायचा ते ठरले नव्हते, म्हणून बंद पडतात. दर शनिवारी पेटी कोणी तपासली त्याची सही वहीत असावी.

कोणाच्या घरी जायचे ही यादी पंचांनी करू नये. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 उघडा. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या. प्रेषितांनी चौकशी समिती नेमली नाही, ‘सगळे सारखेच’ असे भाषणही केले नाही. सात माणसे निवडली गेली आणि सातांचीही नावे ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती सगळे वाटप दिले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला याहून नेमका धडा कुठे मिळेल? 1956 पासून इथे भाषा हा जखमेचा विषय आहे आणि मराठी माणूस म्हणून आपल्याला सरकारी कचेरीत काय वाटते ते आपण जाणतो. मग आपल्याच मंडळीत मागच्या बाकावर बसणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या विधवेला, कोकणी बोलणाऱ्या एकट्या म्हाताऱ्याला काय वाटत असेल? मराठी मंडळीची सेवा-यादी करणाऱ्या तिघांत एक कन्नड बोलणारी आणि एक भाड्याच्या खोलीत राहणारी व्यक्ती असावी. जोडीत एकाला तरी ‘नोवु एल्ली इदे?’, म्हणजे कुठे दुखते, हे कन्नडमध्ये विचारता यावे. चर्च एकच आणि उपासना दोन भाषांत असतील तर सोयीची वेळ आलटूनपालटून घ्यावी. सणाच्या रविवारी तरी आपण उशिराची घ्यावी.

पैशांचे थोडक्यात. देणाऱ्याचे नाव झाकायचे, हिशेब नाही. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि तसे 2 करिंथ 8 मध्ये स्पष्ट लिहिलेही. पेटीचा आणि चपलांचा जमाखर्च दोन सह्यांनी, तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लावावा. रुग्णांची नावे त्यात नसावीत, फक्त वस्तू आणि रक्कम.

अॅश वेन्सडेच्या, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसाच्या, आधीच्या बैठकीत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा, ‘इतर विषयां’मध्ये नाही. पहिल्या आठवड्यात यादी करणारे तिघे ठरवा. दुसऱ्या आठवड्यात मंडळीतल्या निवृत्त नर्सबाईंना बोलावून जोड्यांना शिकवा. बॉलपेनची तपासणी एकमेकांवर करून घ्या. तिसऱ्यापासून घरोघर जायला लागा. गुरुवारपर्यंत तीन आठवड्यांत एका जोडीची पंधरा-सोळा घरे होतात, आणि खुर्च्यांवर कोणाला बोलवायचे हे तेव्हा विचारावे लागणार नाही. ज्यांना यायचे असेल त्यांच्यासाठी रिक्षाचे भाडे आणि चर्चच्या पायरीला उतार, निदान फळी, यांची सोय बुधवारी करून ठेवावी. ईस्टरनंतरच्या सोमवारी त्याच जोड्यांनी त्याच घरी जायचे आहे, तेव्हा तो दिवस सुट्टी म्हणून धरू नये.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
बेळगाव-खानापूर भागातील मंडळ्यांत आजारी माणसांची सेवा करणाऱ्या परिचारिका आणि सेवक